सोन्याला चिकटपट्टी

१९९९ साली मी बमरोलीतल्या एका साड्यांच्या मिलमध्ये कॉम्प्युटर चालवायचे. आमचे मॅनेजर हिंमतभाई सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा घेऊन आले. जरीच्या वीस साड्यांचे फोटो त्यांनी स्वतः काढले आणि पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासं मोठं मेमरी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. कॉम्प्युटर काही ते कार्ड ओळखेना.

मी कार्ड वाचणाऱ्या यंत्राची वायर बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तीन दिवस डोकं फोडलं. हिंमतभाई सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "रंजनाबेन, तुमच्या डिंडोलीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतात की पापड लाटायला?" मी दातओठ खात कार्ड पुन्हा घालून पाहिलं.

चौथ्या दिवशी कार्ड खिडकीपाशी धरून निरखलं. त्याच्या सोनेरी भागावर पारदर्शक चिकटपट्टी होती. इतकी सफाईदार कापलेली, की नख लागलं तेव्हाच कळली.

"ही कोणी लावली?"

"मीच. कार्ड कॅमेऱ्यातून काढल्याबरोबर," हिंमतभाई छाती फुगवून म्हणाले. "जरीवर आपण कागद ठेवतो ना? सोनं उघडं राहिलं तर काळं पडेल."

"अहो, कॉम्प्युटर त्या सोन्यालाच तर शिवतो!"

मी पट्टी ओरबाडून काढली. कार्ड लगेच उघडलं. वीसही फोटोंत साड्या धुक्यात वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या.

"हिंमतभाई, कॅमेऱ्याच्या भिंगावरही काही लावलंय का?"

"म्हणजे काय! सगळ्यात महाग तर तेच. त्यावर दोन पट्ट्या लावल्यात."