अकरावं मिनिट

१९८४ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत प्रेमिला रामटेके एकटीच काम करत होती. पीएच.डी.चं तिचं दुसरं वर्ष होतं. बाहेर पंचेचाळीस अंश, पण कूलर लावता येत नव्हता. हवेत ओलावा आला की ठिणगीचं वागणं बदलायचं. पंखाही बंद. ती पदराने घाम पुसत बसायची.

प्रयोग दिसायला साधा होता. खाली पितळेची चकती, वर चार मिलिमीटरवर सुई. विजेचा दाब वाढवला की मधली हवा क्षणभर पेटायची, जांभळी ठिणगी पडायची, टिक्. प्रत्येक ठिणगीला रेकॉर्डरचा पेन सरकत्या कागदावर एक रेघ मारायचा. कमी दाबावर ठिणग्या घड्याळासारख्या पडत. थोडा वाढवला की एक अंतर लांब, एक आखूड. आणखी वाढवला की चाराचा ठेका, आणि त्यापुढे ठेकाच मोडायचा. आधीच्या ठिणगीने तापलेली हवा पुढचीची वेळ ठरवते, त्यामुळे केसाएवढा फरक काही सेकंदांत एवढा वाढतो की दोन दिवसांच्या नोंदी जुळूच शकत नाहीत. तेच तिला दाखवायचं होतं.

सोमवारी दुपारी असा मोडका ठेका चालू असताना अकराव्या मिनिटाला लाइट गेली. मंगळवारी तिने पुन्हा सुरुवात केली, आणि अकराव्या मिनिटाला ठिणग्या थांबल्या. लाइट गेली असं वाटून तिने वर पाहिलं. बल्ब जळत होता. कागद सरकत होता. व्होल्टमीटरचा काटा सहा हजारांवर तसाच उभा.

दोन्ही पट्ट्या तिने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. पहिली रेघ पहिलीवर बसली. दुसरी दुसरीवर. ती शेवटपर्यंत बघत गेली. एकही रेघ इकडची तिकडे नव्हती. उन्हाने काच भाजत होती, तरी तिच्या हातांवर काटा आला.

बुधवारी तिने सुई बदलली, चकती घासली आणि देवाजीला बसवून घेतलं. देवाजी प्रयोगशाळेतला जुना परिचर, सत्तावीस वर्षं नोकरी झालेला. तो दाराजवळ स्टुलावर बसला. थोड्या वेळाने त्याची बोटं स्टुलावर वाजू लागली. प्रेमिलाने निरखून पाहिलं. बोट आधी पडत होतं, ठिणगी नंतर.

"देवाजीभाऊ, तुम्हाला कसं कळतंय?"

"सोमवारी बी भाईरून हेच आयकलं, काल बी हेच," तो म्हणाला. मग स्वतःच्याच बोटांकडे बघून उठला. "बंद कर वं पोरी. तेच ते म्हणून राहिलं हे." तिने बंद केलं नाही; अकराव्या मिनिटाला ठिणग्या पुन्हा आपोआप थांबल्या.

गुरुवारी तिचे मार्गदर्शक मनोहरराव प्रताप नगरच्या घरून स्कूटरवर आले. आल्याआल्याच म्हणाले, "कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट असेल." सोमवारची पट्टी हातात घेऊन त्यांनी स्वतः यंत्र चालू केलं आणि प्रत्येक नवी रेघ पट्टीशी ताडून बघू लागले. चौथ्या मिनिटाला त्यांनी एकदम बटण दाबून ते बंद केलं आणि खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता.

"लिही. नोंदी अनियमित, पुन्हा मिळत नाहीत."

"सर, पुन्हा मिळताहेत. हीच तर अडचण आहे."

ते पट्टी टेबलावर ठेवून निघून गेले.

शुक्रवारी ठिणग्या चौथ्या मिनिटाला थांबल्या, बरोबर सरांनी बटण दाबलं होतं त्याच जागी.

"पाह्य," देवाजी हळूच म्हणाला, "सरानं मधातच तोडलं, ते बी ध्यानात ठेवलं यानं."

प्रेमिलाला भीती वाटली. पण त्या भीतीखाली आणखी काहीतरी होतं. कुणी बोलताना त्याचं बोलणं आपण तोडावं आणि मग ते आपल्याला लागून राहावं, तसं. तिने यंत्र बंद केलं नाही. दाब तसाच ठेवून ती समोर बसून राहिली. दहा मिनिटं गेली, वीस गेली.

"घरी जा वं पोरी."

"तुम्ही जा. मी बसते."

तो गेला नाही.

मग एक ठिणगी पडली. बऱ्याच वेळाने दुसरी. देवाजीने बोट उचललं, पण ते हवेतच राहिलं. "हे नवं हाय," तो म्हणाला. "हे नाही आयकलं मी."

ठिणग्या पडत राहिल्या. कागदाचं बंडल संपलं तरी पडत होत्या. मधे कुणी बोललं नाही, कुणी उठलं नाही. साडेपाचला प्रेमिलाने बटणाला हात न लावता दाब हळूहळू उतरवायला घेतला. मोडका ठेका चारावर आला, चाराचा दोनावर, मग एकसारखा टिक् टिक्, आणि शेवटी तोही मंदावत विझला.

शनिवारची नोंद आधीच्या कुठल्याच नोंदीशी जुळली नाही. सोमवारचीही नाही. त्यानंतर कधीच दोन नोंदी जुळल्या नाहीत.

पुढे सोमवार ते शुक्रवारच्या पाचही पट्ट्या तिने प्रबंधाच्या शेवटी चिकटवल्या. मनोहररावांनी प्रबंध चार दिवस घरी ठेवून घेतला. परत दिला तेव्हा पट्ट्यांखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: 'हे मी स्वतः पाहिलं आहे.' खाली सही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. ते पान त्यांनी उलटलं, क्षणभर थांबले, आणि पुढचं पान काढून तिसऱ्याच गोष्टीबद्दल विचारू लागले.

बाहेर देवाजी उभा होता. "इचारलं का त्याईनं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "इचारलं असतं, त काय सांगतलं असतं आपुन?"