पोपट नसलेलं घर

सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं पाचशे. उरलेली दोनशे भिंतींना टेकून, खिडक्यांत चढून, एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी होती. दुपारचे चार वाजले होते. पंखे गरम हवाच ढवळत होते, पण जागचं कोणी हलत नव्हतं. कारण मंचावर, कानांवरून पांढरं फडकं गुंडाळलेले बाबा एका बाईच्या घरात शिरत होते.

"घर कुठलं, लेकी?"

"मधली गल्ली, चौदा नंबर."

"येऊ का आत?"

"या ना बाबा!"

लोक त्यांना अंतर्यामी म्हणत. अंतर्यामींनी डोळे मिटले, हवेत बोटाने टक टक केलं आणि थांबले. आठ-दहा सेकंद गेली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आलो. ओट्यावर निळं पातेलं, झाकण उपडं. टीव्ही चालू, बघणारं कोणी नाही. आणि खुर्चीत तुझी सासू... अरे अरे, चष्मा कपाळावर आणि म्हातारी चष्माच शोधतेय!"

बाईने तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून वैतागलेला आवाज आला, "तू नंतर बोल गं, माझा चष्मा सापडत नाहीये."

सभागृह आधी हसलं, मग टाळ्यांनी दणाणलं, मग सगळ्यांचे हात जोडले गेले. माझ्या शेजारी ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. मी हात जोडले नाहीत. ती आठ-दहा सेकंद माझ्या डोक्यात अडकली होती.

मी कंपन्यांच्या कॉम्प्युटर सिस्टिम तपासते. एकोणीस वर्षं हेच काम. कुठलं दार उघडं राहिलंय, कुठल्या मशीनचा पासवर्ड खोक्यातून काढल्यापासून बदललेला नाही, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव अजून यादीत कसं, हे शोधायचं, लिहून द्यायचं आणि वर बोलणी खायची. आई मला लहानपणी शंकासुर म्हणायची. ऑफिसातही, तिने न सांगता, तेच नाव पडलं. तर या शंकासुराला प्रश्न पडला होता: लांबचं मशीन जोडून त्यावरचं चित्र यायला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढाच वेळ अंतर्यामी माणसाला घरात शिरायला का लागावा?

मी हौसेने आले नव्हते. आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता. आवाजात उत्साह नुसता उतू जात होता.

"तुझ्या भावोजींच्या गोळ्या बंद केल्या बघ."

भावोजींना सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं.

"डॉक्टरांनी सांगितलं बंद करायला?"

"बाबांनी. इथे पाऊल न ठेवता त्यांनी डबा पाहिला गं! म्हणाले, टीव्हीशेजारी स्टीलचा डबा आहे, त्यात काळोख भरलाय. स्टीलचा म्हणाले! आता हे त्यांना कोण सांगणार?"

मी आठवड्याची रजा टाकली आणि निघाले.

ताईचं घर म्हणजे एक मोठी खोली, तिच्यातच एका बाजूला ओटा, आत एक छोटी खोली आणि न्हाणीघर. खिडकीशी भावोजींची खाट. समोर कपाट, आणि कपाटावर लिंबाएवढा पांढरा कॅमेरा. दोन वर्षांपूर्वी गल्लीत चोऱ्या झाल्या तेव्हा वायरमनने घरोघरी हे कॅमेरे बसवून दिले होते. ताई भाजी आणायला गेली की भावोजी ठीक आहेत ना, हे फोनवर बघायची. वर्षातून दोनदा मी त्या कॅमेऱ्याखाली बसून चहा प्यायले होते. एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी भावोजींजवळ बसले. त्यांनी डावा हात उचलला आणि कपाटाच्या वर बोट रोखलं.

"महिना झाला, असंच करतात," ताई म्हणाली. "बाबा म्हणाले, यांना तिथे कोणीतरी बसलेलं दिसतं. वाईट आहे ते काहीतरी. गोळ्यांनी आलंय."

"भावोजी, तिथे काही आहे का?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. हो म्हणायची त्यांची तेवढीच रीत होती.

मी ताईला म्हटलं, बाबांनी आजवर या घरातलं काय काय पाहिलं ते सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. गोळ्यांचा डबा. खाटेखालची निळी बादली. फाटकी उशी. ओट्यावर उतू गेलेलं दूध. मग विचारलं, आतल्या खोलीतलं काही? न्हाणीघरातलं? दाराच्या मागचं? ताईने खूप आठवून पाहिलं. काहीच नव्हतं.

स्टूल घेऊन कपाटापर्यंत चढले आणि कॅमेऱ्याला गाल लावून खोलीकडे पाहिलं. कागदावरची एकूण एक वस्तू तिथून दिसत होती. आणि एवढ्यात, माझ्या गालाशी, कुर्रर्र असा बारीक आवाज करत कॅमेऱ्याने मान वळवली.

ताईचा फोन खाली टेबलावर पडला होता. तिने त्याला हातही लावलेला नव्हता.

खाली पाहिलं. भावोजींचं बोट अजून वर होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. दिवसभर एकाच जागी पडून असलेल्या त्या माणसाने खोलीतली प्रत्येक हालचाल नीट पाहिली होती, आणि महिनाभर तो जिवाच्या आकांताने सांगत होता. आम्ही सगळे बोलते-चालते त्याला भ्रम झालाय म्हणत होतो.

पुढचं काम माझ्या रोजच्या कामासारखंच होतं. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये एक पान असतं, कोणकोण बघतंय त्याचं. तिथे दोन फोन होते. एक ताईचा. दुसरा कुणाचा, ते ताईला ठाऊक नव्हतं. मी वायरमनला फोन लावला.

"आमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय ठेवलाय?"

"मागे चिकटवलाय तोच, मॅडम. सगळ्या घरांना एकच! लोक विसरतात ना, मग मलाच आठवावं लागतं." मोठ्या अभिमानाने सांगत होता. "दोनशे घरं आहेत माझ्या हाताखाली."

ताईला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं नेहमीचंच. तुला देव जरी भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील."

मग मी ठरवलं, आता डोळ्यांसमोरच दाखवायचं. तोवर त्या आठवड्यात रोजची गोळी मी स्वतः भावोजींच्या तोंडात घालत होते. शेजारचा पोस्टमन तेवढा माझ्या बाजूने होता. आयुष्यभर बंद पाकिटं वाटली होती त्याने. दुसऱ्याचं उघडून बघणाऱ्याचा त्याला मनापासून राग. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून तिच्या घराचा फोटो मागवला. पिवळ्या भिंती, जेवणाचं टेबल आणि पिंजऱ्यात हिरवागार पोपट. तो मोठा छापून घेतला. रविवारी दुपारी, ताई साडी नेसत होती तेव्हा, तो कॅमेऱ्यापुढे वीतभर अंतरावर पक्का बसवला. पोस्टमनची बायको भावोजींजवळ बसली आणि आम्ही तिघं सभागृहात गेलो. पोस्टमनने खुणेने दाखवलं, मागच्या दाराशी वायरमनची स्कूटर उभी होती.

ताईचा नंबर आला.

"येऊ का आत?"

"या, बाबा."

टक टक. एक, दोन, तीन... नऊ.

"आलो," अंतर्यामी म्हणाले आणि किंचित अडखळले. मग आवाज चढला. "भिंती पिवळ्या! आज तुझं घर सोन्यासारखं दिसतंय, लेकी. पण हे काय? पोपट? पिंजऱ्यात पोपट! अगं, तुझ्या नवऱ्याची वाचा त्या पोपटाने अडवून धरलीये. आजच्या आज सोडून दे!"

पाचशे माना ताईकडे वळल्या. ताई माइकसमोर गोंधळून उभी होती.

"पण बाबा," ती म्हणाली, "आमच्याकडे पोपट नाही."

मी उठले, फोटोची दुसरी प्रत डोक्यावर धरली आणि सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, सगळ्या घरांचा एकच पासवर्ड, पडद्यामागे बसून बघणारा वायरमन, फडक्याखाली बाबांच्या कानात बोलणारं यंत्र. दार ठोठावून थांबायचं कशासाठी, तर चित्र यायला वेळ लागतो म्हणून. आतल्या खोलीतलं बाबांना कधीच का दिसत नाही, तर तिथे कॅमेरा नाही म्हणून.

मला वाटलं होतं, आता बाबाचा पोपट होणार.

बाबांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. मंद हसले. "पोपट नाही? लेकी, पोपट म्हणजे काय? पिंजऱ्यात अडकलेला जीव! तुझ्या घरात असा जीव आहे की नाही? खाटेवर पडलेला, मुका?"

मग टाळ्या. इतक्या टाळ्या चष्म्यालाही पडल्या नव्हत्या.

पोस्टमन धावून मंचावर आला. "थांबा! माझ्या घरचा कॅमेरा दाखव गं यांना. माझी परवानगी आहे." मी माझ्या फोनवर तो छापील पासवर्ड घातला आणि फोन सभेकडे वळवला. पोस्टमनची रिकामी खोली, दोरीवरचे कपडे, हलणारा पडदा, सगळं पुढच्या रांगांना स्वच्छ दिसलं.

"बघा! मी काही अंतर्यामी नाही. तुमचं घर असं कोणालाही दिसतंय."

पुढच्या रांगेतली चष्मेवाल्या सासूची सून उठली. संतापाने लालबुंद झाली होती. वाटलं, आता ही बाबाला धरणार.

"लाज नाही वाटत?" ती माझ्यावर ओरडली. "दुसऱ्यांच्या घरात डोकावतेस?"

"अहो, मी नाही, ते..."

"ते बाबा आहेत!"

पुढचं मला धड ऐकू आलं नाही. कोणी माझा हात धरला, कोणी फोटो फाडला. पोस्टमनच्या शर्टाचं बटण तुटलं. दाराबाहेर ढकलली गेले तेव्हा आत नव्या घराच्या दारावर टक टक चाललं होतं.

लेखी तक्रार घेऊन चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "घरच्यांची तक्रार आहे का?" त्या डोळ्याने बाबा ज्यांच्या घरात शिरले होते त्यांच्यातलं कोणीही सही करायला तयार नव्हतं. ताईसुद्धा.

ताईच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड मी बदलला. गोळ्यांचं वचन घेतलं. रजा संपली, परत आले. रोज फोन करायचे.

"गोळी दिलीस ना?"

"दिली गं बाई."

एवढ्यावर माझं समाधान व्हायचं. कुठल्याही कंपनीत असं तोंडी उत्तर मी कधी मान्य केलं नसतं. म्हटलं असतं, दाखवा. ताईला मी एकदाही म्हटलं नाही, पाकीट कॅमेऱ्यासमोर धर.

एकोणिसाव्या दिवशी भावोजींना दुसरा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. कुठल्या गोळ्या चालू होत्या ते बघायला डॉक्टरांनी पाकीट मागितलं. मी परत निघाले त्या दिवशी पाकिटात जेवढ्या होत्या, तेवढ्याच अजून होत्या.

सगळे पांगल्यावर, एका सकाळी, आम्ही दोघी त्या रिकाम्या खाटेच्या कडेला बसलो होतो. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ताईच बोलली.

"पोपट म्हणाले ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी काही मूर्ख नाही."

"मग ताई, गोळ्या का नाही दिल्यास?"

ती चादरीची घडी घालत राहिली, मोडत राहिली.

"एकदा मी ओट्याखाली बसून रडले होते. नळ सोडून ठेवला होता, यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या रविवारी बाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, लेकी, नळ सोडून रडतेस, मी पाहिलंय. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाहिलं गं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर पाहिलं. तू इथेच बसून चहा पीत होतीस, तुला दिसलं?"

मी कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"गोळ्या देणं म्हणजे ते सगळं खोटं म्हणणं," ती म्हणाली. "ते माझ्याच्याने झालं नाही." आणि तिने घातलेली घडी पुन्हा मोडली.

अंतर्यामींच्या सभेला आता आणखी मोठं सभागृह लागतं, असं पोस्टमन सांगतो. पोपटाची गोष्टही तिथे सांगतात: बाबांनी पिंजऱ्यातला जीव आधीच पाहिला होता, तीन आठवड्यांत तो सुटला. ताई अजून जाते. मी तिला अडवत नाही, आणि अडवायला हवं हेही मला कळतं.

सुट्टीच्या दिवशी मी त्या गल्लीत जाते आणि दारं वाजवते. कॅमेरा तपासून देते, पासवर्ड बदलून देते म्हणते. दोनशे घरांपैकी तिघांनी मला आत घेतलं. त्यातल्या एकीने नंतर वायरमनला बोलावून सगळं पूर्ववत करून घेतलं.

हे वाचणाऱ्यांना माझं फार काही सांगणं नाही. सकाळच्या उजेडात एकदा स्टूल घ्या, वर चढा आणि घरात बसवलेलं जे काही आहे ते हातात घेऊन उलटं करून बघा. तुमच्या खाटेवरचा माणूस कुठे बोट दाखवतोय तेही बघा. औषध दिलं असं कोणी म्हटलं तर पाकीट उघडून बघा. आणि त्या यंत्रामागे छापलेला पासवर्ड अजून चालत असेल, तर तुमच्याकडे जो बघतोय तो देव नाही.