वजनात बसलेली सायकल

वाट पाहण्याची नणंदेची पद्धत वहिनीच्या मनाला सर्वात जास्त लागायची. दर रविवारी सायकलवाल्यांचा घोळका टेकडीच्या रस्त्याला लागला की नणंद पुढे निघून जायची आणि वहिनी धापा टाकत माथ्यावर पोचायची, तेव्हा नणंद कठड्यावर बसून संत्रं खात असायची. अर्धं संत्रं वहिनीसाठी राखलेलं असे. "ये वहिनी, आधी दम खा," ती म्हणे. आवाजात कुचकेपणा औषधालाही नाही. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

नणंद शाळेत खेळ शिकवायची. घरात तिला शिडी म्हणत, कारण माळ्यावरचे डबे ती स्टूल न घेता काढे. वहिनी तिच्या खांद्याला लागायची. वहिनीची नोकरी वजनकाट्यांच्या तपासणीची. प्रयोगशाळेत कारखान्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे यायचे आणि कुठला काटा किती खोटं बोलतो हे ती प्रमाणित वजनं ठेवून ठरवायची. हातमोजे घालून, पंखा बंद करून. त्या कामाने तिला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर कधी जायचं नाही.

नणंदेच्या आधी माथ्यावर पोचायचं, असं काही तिच्या मनात नव्हतं. एकदा तरी संत्रं सोलून व्हायच्या आत पोचायचं, एवढंच होतं. आणि तिच्या मते आड येत होती ती तिची जुनी लोखंडी सायकल. कार्बनची हवी.

"पैसे?" नवऱ्याने विचारलं.

"धुलाईयंत्राचे बाजूला ठेवलेत ना."

"अगं, ते यंत्र पिळायला लागलं की न्हाणीघरातून चालत दारापर्यंत येतं."

"येऊ दे. अजून बाहेर तर गेलं नाही."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "सायकल दीड किलोने हलकी करायला एवढे पैसे. आपण दोघांनी रात्रीचा दुसरा भात सोडला, तर फुकटात तेवढं होईल."

"तू सोड," ती म्हणाली. "मी सायकल घेते."

दुकानात सायकली छताच्या आकड्यांना टांगलेल्या होत्या. धुलाईयंत्राच्या पैशांत बसणाऱ्या कार्बनच्या चारच निघाल्या. दुकानदार प्रत्येकीविषयी अशा मायेने बोलत होता, जणू पोटच्या मुली उजवायच्या होत्या. वहिनीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून स्वतःचा आकड्याचा काटा काढला.

"मॅडम, आमच्याकडे आहे की काटा."

तिने आधी त्याच्याच काट्यावर स्वतःजवळचं वजन लावून पाहिलं. "तुमचा कमी दाखवतो."

"आजवर कोणी तक्रार केली नाही."

"सायकल हलकी दिसली म्हणून कोण तक्रार करेल?"

मग तिने चारही सायकली तोलल्या. पेडल काढून, पेडल लावून, पुन्हा एकदा खात्रीसाठी. दुकानातली इतर गिऱ्हाइकं भोवती जमली. एकाने आपलं हेल्मेट पुढे केलं, दुसऱ्याने महिन्यापूर्वी घेतलेली चाकं गाडीतून काढून आणली आणि आकडा ऐकून गप्प घरी गेला. दुकानदार गल्ल्यामागे उभा राहून घाम पुसत होता. चौघींत एक काळी सायकल, गेल्या वर्षीची, सवलतीतली, बाकीच्यांपेक्षा चांगलीच हलकी भरली.

"ही," वहिनी म्हणाली.

"मॅडम, तुमची उंची किती?"

"का?"

"ही मोठ्या मापाची आहे. एवढीच उरली म्हणून तर स्वस्त लावलीय. तुम्हाला हँडल लांब पडेल."

"माझ्या मापाची आहे तुमच्याकडे?"

"आहे ना. ही बघा, यंदाची."

"महाग असेल."

"थोडी."

"वाटलंच," वहिनी म्हणाली. असे विक्रेते तिने पुष्कळ पाहिले होते. स्वस्त वस्तूला गिऱ्हाइकाने हात घातला की यांना अचानक गिऱ्हाइकाच्या तब्येतीची काळजी लागते. बसायची गादी खाली घेता येते, हँडल जवळ घेता येतं, हे तिने आधीच वाचून ठेवलं होतं. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत तिने एक फेरी मारली. अंग चांगलंच ताणलं गेलं, पण शर्यतीची सायकल म्हटल्यावर ते होणारच, अशी तिने समजूत करून घेतली. तो दुकानदार त्या दिवशी एकच गोष्ट पूर्ण खरी बोलला होता आणि नेमकी तीच तिने खोट्यात काढली.

रविवारी घोळक्याने नव्या सायकलीचं कौतुक केलं. तिला बोटावर उचलून पाहिलं. मग सगळे निघाले आणि पहिल्याच सिग्नलला वहिनीचा पाय जमिनीपर्यंत पोचला नाही. ती घाईने पडली नाही. कपाट कलंडावं तशी, सगळ्यांना नीट पाहता येईल इतक्या सावकाश, डावीकडे कलत गेली आणि घोळक्यातल्या बँकवाल्या काकांच्या अंगावर जाऊन टेकली. टेकडी चढताना मान आखडली, तळहात बधिर झाले. त्या दिवशी ती नेहमीपेक्षाही उशिरा पोचली. संत्रं तर संपलं होतंच, नणंदेने केळंही काढून ठेवलं होतं.

दुकानदाराने वापरलेली सायकल परत घ्यायला नकार दिला, पण हँडल जवळ घेऊन दिलं आणि गादीही अगदी तळाला बसवली. पुढचे दोन रविवार वहिनी पडली नाही, एवढाच त्याचा उपयोग झाला. 'मी सांगत होतो' असं तो एकदाही म्हणाला नाही. तिला तेही लागलं.

"बघू जरा," एका संध्याकाळी घरी आलेली नणंद म्हणाली. तिने गादी वीतभर वर ओढली, टांग टाकली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन आली. शिंप्याने अंगावर बेतून शिवावी तशी ती सायकल तिला बसली होती. दारात उभ्या असलेल्या नवराबायकोलाही ते दिसलं.

"घरातच राहील," नवरा हळूच म्हणाला.

नणंदेने वहिनीला सायकलीचे पूर्ण पैसे दिले. घासाघीस केली नाही, हीसुद्धा तिची वाईट खोड. वहिनी स्वतःच्या मापाची सायकल पाहायला जाणार, तेवढ्यात जुनं यंत्र पिळता पिळता उंबरा ओलांडून बाहेर आलं, पाण्याची नळी तुटली आणि पैसे ज्या कामासाठी होते त्याच कामाला लागले. नवं यंत्र जागचं हलत नव्हतं. नवरा चार दिवस त्याच्याकडे कौतुकाने पाहत होता.

पुढच्या रविवारी वहिनी पुन्हा लोखंडी सायकलवर होती. ती सगळ्यात शेवटी माथ्यावर आली तेव्हा नणंद कठड्यावर होती आणि सगळे काळ्या सायकलीभोवती उभे होते.

"काय पळते हो ही," बँकवाले काका म्हणत होते. "कार्बनची कमालच वेगळी."

"मी आधीही पहिलीच यायचे, काका," नणंद म्हणाली.

"यायचीस गं. पण आज अगदी सहज आलीस. पैसा बोलतो."

"सायकल असावी तर अशी," दुसरा म्हणाला. "मग पायांना काय काम?"

नणंदेने संत्र्याची साल नखाने ओरबाडली. अर्धं संत्रं वहिनीच्या हातात दिलं, पण दम खा म्हणाली नाही. उतरताना ती मुद्दाम मागे राहून वहिनीच्या बाजूला आली.

"वहिनी, एक करूया. पुढच्या रविवारी मी तुझी घेते, तू ही घे."

"मला मोठी होते गं."

"शेवटच्या वळणापासून तेवढी. निदान मी तरी लोखंडी घेऊन चढते. बघू देत त्यांना."

सूचना शास्त्रशुद्ध होती. माणूस तोच ठेवून सायकल बदलायची, हे वहिनी स्वतः कोणालाही सुचवती. निकाल काय येईल तेही तिला माहीत होतं. सायकल आणि त्यावरचं माणूस मिळून किती वजन वर चढतं, त्यात दीड किलोचा हिस्सा किती, हे गणित तिने त्या आठवड्यात केलं होतं. ते खरेदीच्या आधी करायला तिला कोणी अडवलं नव्हतं. माथ्यापर्यंत फार तर अर्ध्या मिनिटाचा फरक. बाकी सगळे नणंदेचे पाय.

"लोखंडी तुला लहान होईल," वहिनी म्हणाली. "गुडघे हँडलला लागतील. उगाच दुखवून घेशील."

नणंदेने ब्रेक सोडला आणि ती पुढे निघून गेली.

खाली चहाच्या टपरीवर काका कप घेऊन वहिनीच्या शेजारी येऊन बसले. "तुम्ही वजनामापातल्या, तुम्हीच सांगा. सायकलने असा किती फरक पडतो?"

समोरच्या बाकावर नणंद चहा फुंकायची थांबली आणि वहिनीकडे पाहू लागली. वहिनीने कप खाली ठेवला. आकडा तिच्या जिभेवर होता, दशांशासकट.

"बराच पडतो," ती म्हणाली.