पळीचं पोट

मी दूध संस्थेतली सॅम्पलची पळी बोलतेय. नाक मुरडू नका. खुर्चीवर बसणाऱ्यांचं आणि माईक धरणाऱ्यांचं तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलंत, आज घटकाभर माझं ऐका.

कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या पुढं रस्ता उसात शिरतो, तिथं आमचं गाव. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन संस्थेपुढं रांग लावतात. दुधाची फॅट तपासायला प्रत्येकीच्या किटलीतून थोडं दूध काढायचं, त्याला सॅम्पल म्हणतात. ते काढायचं काम माझं. मशीनला लागतं जेमतेम दोन चमचे, पण घडवताना माझं पोट मुद्दाम वाटीभर ठेवलं होतं. उरलेलं दूध खालच्या बादलीत पडायचं आणि बादली जायची चेअरमन अमरसिंह आबांच्या घरी. आबांच्या घरच्या बासुंदीची गावभर वाहवा व्हायची. ती बासुंदी कुणाच्या म्हशींची, हे वाहवा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

बायका माझ्याकडं बघायच्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण पळी काय करणार? ज्याच्या हातात दांडा, त्याच्या मर्जीनं बुडायचं.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी शालूबाई पुढं झाली. उंचपुरी बाई, आवाज असा की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावा. तिनं आबांच्या डोळ्यांदेखत ती बादली उचलली आणि दूध ज्या त्या बाईच्या किटलीत परत ओतलं. "लई बासुंदी झाली आबा. आता आमची पोरं पिऊ द्यात की दूध!" रांगेतल्या बयाबाईनं टाळी वाजवली आणि मग साऱ्याजणींनी. बयाबाईकडं एकच म्हैस, पण शालूबाईच्या खांद्याला खांदा लावून तीच उभी राहिली. वर्षाच्या आत आबांची संस्था बंद पडून बायकांची स्वतःची संस्था झाली, शालूबाई तिची चेअरमन आणि मीही तिच्यात आले.

संस्थेचा पहिला ठराव माझ्यावर झाला. बयाबाई मला वेल्डिंगवाल्याकडं घेऊन गेली आणि म्हणाली, "हिचं पोट काप. दोन चमचं मावलं पायजे, थेंब जास्ती न्हाय." कापताना लागलं, खोटं कशाला बोलू? पण परत आले तेव्हा मी ताठ होते. उरलंसुरलं दूध जिचं तिच्या किटलीत परत, असं भिंतीवर न लिहिताही साऱ्याजणी पाळत होत्या.

आता पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगते.

तिसऱ्या वर्षी तालुक्याहून पाहुणे आले. चहाला दूध नव्हतं. शालूबाई खरंच संकोचली होती, मी तिच्या हातातच होते. ती हळूच म्हणाली, "बये, उरल्यालं दूध आजच्या दिवस चहाला ठिवू काय गं?"

बयाबाई हसली. "आजच्या दिवस कशाला आक्का? रोजच ठेव की. तू राबतीस आमच्यासाठनं."

तिनं ते मनापासून, मायेनं म्हटलं. त्या दिवशी बादली परत आली. आधी ती चहापुरती होती, मग सचिव कृष्णातच्या घरी थोडं जाऊ लागलं आणि शेवटी बादलीनं शालूबाईच्या घरची वाट धरली. तेवढं दूधही पुरेना, तेव्हा नवं मशीन आल्याचं निमित्त करून नवी पळी आली, माझ्या चौपट पोटाची. मला खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. पोटात धूळ साठली, एक कोळी राहायला आला. मी नुसती बघत राहिले.

बयाबाईची लेक अनुजा कोल्हापुरात बी.ए. करते. गेल्या वर्षी तिला एक जुनी, नावाजलेली गोष्ट अभ्यासाला होती. संध्याकाळी दूध घालून झालं की मायलेकी संस्थेच्या कट्ट्यावर बसायच्या आणि अनुजा मोठ्यानं वाचायची, कारण परीक्षा तोंडावर होती आणि घरात टीव्ही चालू असायचा.

गोष्ट घाटातल्या खेचरांची होती. ती मारकुट्या मालकाला हाकलून लावतात आणि ठरवतात, आता कुणी कुणाचं ओझं वाहायचं नाही. धुक्यात वाट चुकू नये म्हणून एकाच्या गळ्यात घंटा बांधतात. काही दिवसांनी ते म्हणतं, घंटेनं मान भरून येते, माझ्या पाठीवरचं एक पोतं कुणी घेता का? करता करता ते रिकाम्या पाठीनं चालायला लागतं आणि शेवटी तोंडात मालकाचा जुना चाबूक धरतं.

"गाईडात लिवलंय, ही लांबच्या देशातल्या क्रांतीची गोष्ट हाय," अनुजा म्हणाली. "घंटेवालं खेचर म्हंजे बिघडल्याली सत्ता. पाच मार्काला येतंय."

बयाबाईनं रिकामी किटली बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "त्याचं पयलं पोतं कुणी घेतलं गं?"

अनुजानं पान मागं उलटलं. "एका म्हाताऱ्या खेचरानं. आपणहून. त्याचा लई जीव होता घंटेवाल्यावर."

"हे गाईडात हाय काय?"

"न्हाय."

"मग गाईड लिवणाऱ्याला गोष्ट कळ्ळी न्हाय," बयाबाई म्हणाली आणि मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं. "ते म्हातारं खेचर मीच की, अनुजा."

दुसऱ्या दिवशी तिनं रांगेत उभं राहून जुनी पळी मागितली. त्याच संध्याकाळी तिच्या दुधात पाणी आहे म्हणून ते परत पाठवलं गेलं. पुढच्या दिवशी पुन्हा. त्या दुधात पाणी नव्हतं, हे शालूबाईला ठाऊक होतं, कृष्णातला ठाऊक होतं, रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. घर एका म्हशीवर आणि अनुजाचं कॉलेजही तिच्यावरच. संस्थेनं दूध घेतलं नाही तर बयाबाईनं करायचं काय? तिसऱ्या दिवशी ती गप्प राहिली आणि दूध घेतलं गेलं. मला वाटलं, संपलं. पण जाता जाता तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि पदराखाली घेतलं.

आठवड्यानं वार्षिक सभा होती. आमच्याकडच्या सभा तुम्हाला ठाऊकच असतील. सचिव विषय वाचायला तोंड उघडतो न उघडतो, तोच "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि दहा मिनिटांत सारे चहाला मोकळे. आबांच्या काळी हेच चालायचं, शालूबाईच्या काळीही तेच. कृष्णातनं सातवा विषय भराभर वाचला. सॅम्पलचं दूध यापुढं चेअरमनच्या अधिकारात राहील.

"मंजूर, मंजूर!"

"थांब कृष्णात," बयाबाई उठली. "परत वाच. सावकाश."

तिनं मला पदराखालून बाहेर काढलं. तिनं टेबलावरची नवी पळी पाण्याच्या पिंपात बुडवून भरली आणि ते पाणी माझ्यात ओतायला लागली. मी भरले. ती ओततच राहिली. पाणी माझ्या काठावरून तिच्या मनगटावर आणि तिथून जमिनीवर वाहू लागलं.

"हे सांडल्यालं आपलं दूध हाय बायांनो," ती म्हणाली. "आणि पयल्यांदा ठेव म्हणणारी मीच हाय. चूक माझी. आज ती परत घेते."

शालूबाई शांतपणे म्हणाली, "बये, उद्यापासनं दूध कुठं घालणार हाईस?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून, वर्षापूर्वी सून म्हणून गावात आलेली निशिगंधा बोलली, "जिथं आम्ही घालणार, तिथंच घालतील की त्या. नामंजूर!"

मग जो गजर उठला, तो मी आजही विसरलेले नाही. नामंजूर! सातवा विषय पडला आणि पुढच्या निवडणुकीत शालूबाईही.

आता बयाबाई चेअरमन आहे. मी खिडकीत साखळीला आहे. कुणीही हात घालून माझं पोट तपासावं, असा नवा ठराव आहे. गोष्ट इथं संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मी पळी आहे, भाट नाही.

गेल्या सोमवारी रांगेत शालूबाई आली. किटली ठेवून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "बये, पळी दाव."

आणि बयाबाईच्या, माझ्या बयाबाईच्या कपाळाला आठी पडली. क्षणभरच. ती म्हणालीही, "आता तू बी तपासणार व्हय आक्का?" मग तिची ती वरमली, मला पुसलं आणि शालूबाईच्या हातात दिलं. शालूबाईनं माझ्या पोटात दोन चमचे पाणी घालून बघितलं आणि मान हलवली.

पण ती आठी मी पाहिली. बयाबाई, तू मला कापून आणलंस, पदराखाली जपलंस, तुझ्यासाठी मी साखळीलाही राहीन. तरीही सांगते, तुझ्या कपाळावर माझी नजर आहे. आणि रांगेतल्या बायांनो, ती कितीही प्रेमाची असली तरी रोज म्हणा, पळी दाव.