टेलरबाईंच्या चाली

वाद्यांच्या दुकानात टेलरबाईंनी कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटं टेकवली आणि खालचं पेडल दोन्ही पावलांनी हलवायला सुरुवात केली. सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला, पुन्हा तुटला.

"मावशी, शिलाई मशीन नाही हे," दुकानदार हसला. "सूर लांबवायचा असेल तेव्हाच दाबून धरायचं."

चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला हे सांगणं सोपं, तिने ते करणं महाकठीण. त्याने पेडल बाजूला सरकवलं, तर बोटंच थांबली. पाय हलल्याशिवाय टेलरबाईंना गाणं कधी सुचलंच नव्हतं. शिवता शिवता बांधलेल्या पंचवीस-तीस चाली त्यांच्या डोक्यात होत्या, कागदावर एकही नाही. वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, गाता गळा गेला, उरली ती कुजबुज. आता हे सगळं आपल्याबरोबरच जाणार, या विचाराने त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. तेव्हा सुनेने टूम काढली, कीबोर्ड घेऊ, कॉम्प्युटरला जोडू आणि घरीच रेकॉर्ड करू. टेलरबाई शाळेत थोडी पेटी शिकल्या होत्या, एवढंच काय ते भांडवल.

पहिल्या कीबोर्डच्या पट्ट्या पियानोसारख्या जड निघाल्या. बोटांचे सांधे कुरकुरले. दुसऱ्यात दोनशे आवाज आणि तयार ठेके. टेलरबाईंचं कोपर कुठल्याशा बटणावर पडलं आणि दुकानात अख्खा बँड वाजू लागला. सून इतकी हसली की तिला स्टूल ओढून बसावं लागलं. हा तिसरा साधासुधा, हलक्या पट्ट्यांचा. त्याच्यावर टेलरबाईंचं मन बसलं होतं, पण चाल काही निघेना.

"नाचता येईना अंगण वाकडं," त्या कुजबुजल्या. "चल घरी."

"थांबा हो आई," सून म्हणाली. मग दुकानदाराकडे वळली. "दादा, पेडल परत द्या त्यांच्या पायाखाली. फक्त वायर काढून."

दुकानदाराने डोकं खाजवलं, पण वायर काढली.

पाय चालू लागले. बोटं आधी बिचकली, मग सरळ टीप घालावी तशी पळाली. पहिली ओळ अख्खी वाजली. टेलरबाईंना हसूच फुटलं. दुसऱ्या ओळीला मात्र पुढचा सूर सापडेना, आणि तेवढ्यात शेजारून ती ओळ कुणीतरी शब्दांसकट पुरी केली.

त्यांनी मान वळवली. सून गात होती. डोळे मिटून, आणि सुरात.

"तुला कशी येते ही?"

"माझी खोली तुमच्या मशीनच्या पलीकडेच ना," सून ओशाळली. "तुमच्या ऑपरेशनपर्यंत सहा वर्षं ऐकत होते. सगळ्या येतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुणाला म्हणायला लावलंत कधी?"

टेलरबाईंनी पदराने डोळे टिपले, नाकही पुसलं. छातीवरचं ओझं कुणी अलगद उचलून घ्यावं तसं त्यांना झालं होतं.

"हाच पॅक करू ना मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"करा. पण आधी गाण्याचा माइक दाखवा." त्यांनी माप घ्यावं तसं सुनेला नखशिखांत न्याहाळलं. "आणि स्टँड. हिला अठ्ठावन्न इंच लागेल."