बिनऔषधाचा पट्टा

बाबा दरवर्षी गव्हाच्या रानात एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवतो. खताने खरंच काम केलं का, ते त्या पट्ट्यावरून कळतं. ऑस्ट्रेलियात आमच्या विमेरा भागात बरेच शेतकरी असं करतात. तोच प्रयोग स्वतःच्या डोक्यावर करणारा मात्र माझ्या पाहण्यात बाबा एकटाच.

अकरा वर्षं तो सकाळ-संध्याकाळ टाळूला केसांचं औषध लावत होता. यंदा त्याला शंका आली. "पन्नाशीत होते त्यापेक्षा केस विरळ झालेत. औषध थकलंय बहुतेक." मग मे महिन्यातल्या पेरणीपासून त्याने फक्त उजव्या बाजूला औषध बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. दिवसभर डोक्यावर टोपीच असते.

सप्टेंबरात मी सुट्टीवर घरी आले, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात टोपी काढली. डावीकडे केस होते. उजवीकडे त्वचा चमकत होती.

"निकाल स्पष्ट आहे," मी म्हणाले. "केस हळूहळू विरळ होणारच होते, पण औषध अजून बरेच धरून ठेवतंय."

"निकालाचं काय घेऊन बसलीस? माझं लग्न महिन्यावर आलंय!"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोस्ट चालवणाऱ्या ग्लेनिसशी त्याचं जमलं होतं. चर्चच्या चहापानात तिने पहिल्यांदा कौतुक केलं ते त्याच्या केसांचंच. औषधाचं तिला ठाऊक नव्हतं.

"पुन्हा सुरू कर. येतील बरेचसे."

"कधी?"

"चार-सहा महिन्यांत."

"म्हणजे कापणी उरकल्यावर! मला ती लबाड म्हणेल गं."

"मग आधी तूच सांग."

दुपारी ग्लेनिस चहाला आली. ती बसायच्या आत बाबाने तिच्यापुढे डोकं वाकवलं. "हे बघून घे. तुला आवडले ते केस बाटलीतले होते, ग्लेन."

ग्लेनिसने चष्मा लावला. "रविवारी चर्चमध्येच दिसलं होतं मला. म्हटलं, हा माणूस एकाच कुशीवर झोपत असणार."

मला हसू आवरेना. बाबाने सगळं सांगितलं, पट्ट्यासकट.

"आणि हे जन्मभर लावायचं?"

"सोडलं की जातात. बघतेयस ना." तो टोपीची कड चुरगाळत होता. "तू नको म्हणालीस तर डावी बाजूही सोडतो."

तिने बोटाने आधी डावी, मग उजवी बाजू चाचपून पाहिली.

"एवढा निकाल आल्यावर पीक सोडणारा तू कसला रे शेतकरी? बाटली कुठाय?"

"तू कशाला? मी लावतो की."

"मागे तुझा हात पोचतो कुठे? तिथे एक आख्खं वावर कोरडं राहिलंय. बस खाली."

तिने उजव्या बाजूला थेंब सोडले आणि बोटांनी सावकाश पसरले.

"गार आहे!"

"हलू नकोस."

मग तिची बोटं डावीकडे वळली.

"तिथे सकाळीच लावलंय," बाबा म्हणाला.

"मग हे संध्याकाळचं," ग्लेनिस म्हणाली. बाहेर अजून अंगणभर दुपारचं ऊन होतं.