शर्ट हुंगणारे महाराज

जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्यासमोर, रसवंतीच्या शेडखाली ही गर्दी! अतिदक्षता विभागातल्या रोग्याचा शर्ट आणायचा, श्वासमहाराजांनी तो हुंगायचा आणि माणूस वाचणार की जाणार ते सांगायचं. बोल बहुतेक खरे ठरत. मग काय, डॉक्टरांपेक्षा महाराजांचीच रांग लांब!

"यमाचा रेडा खुंट्याला बांधून राह्यलो, माय! बिलकुल भिऊ नका!"

महाराजांचं हे बोलणं कानावर आलं की दवाखान्यातल्या नर्स भावनाच्या अंगाचा तिळपापड होई. गेल्या वर्षी तिचा भाऊ मिथुन याच विभागात होता. ती सुट्टीवर असताना महाराज म्हणाले, "वाचला, घरी न्या." वडिलांनी नेला. घरी जंतुसंसर्ग बळावला आणि मिथुन गेला. तेव्हापासून तिला सूड हवा होता, तोही चारचौघांत.

एकदा वॉर्डबॉय बबलू खाटेजवळच्या फळ्याचा चोरून फोटो काढताना तिला दिसला. नाडी, श्वास, रक्तदाब मोजून तिथं रोग्याचा गुणांक लिहीत. आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा. महाराजांचं सगळं ज्ञान तिथलंच! तिनं बबलूला फोटो काढू दिला. डॉक्टरांच्या परवानगीनं तिनं तातेराव नावाच्या रोग्याच्या फळ्यावर फक्त शुद्धीचा गुणांक लिहिला: पंधरा. हा उलटा चालतो. तीन म्हणजे ठार बेशुद्ध, पंधरा म्हणजे टक्क जागा. स्टील मिलमधले तातेराव तर बरे होऊन चहासाठी भांडत होते.

त्यांची बायको शिवकन्या शर्ट घेऊन गेली. तिला सगळं ठाऊक होतं. महाराजांनी शर्ट हुंगला, डोळे पांढरे केले.

"काळीज घट्ट कर, माय. आजची रात निघत न्हाई."

"बराबर हुंगलं का, महाराज?"

"मढ्याचा वास येऊन राह्यला!"

"आंघोळ केल्ती की म्या!" मागून आवाज आला. चाकाच्या खुर्चीत तातेराव, खुर्ची ढकलत भावना.

तिनं महाराजांच्या गादीखालचा मोबाइल ओढून बबलूनं धाडलेला फळ्याचा फोटो सगळ्यांना दाखवला, दोन्ही गुणांक समजावले. महाराज तिच्या पाया पडले. "चुकलो, ताई. माफ करा."

"माफी मिथुनची माग," ती म्हणाली. पायाशी पडलेल्या महाराजांकडे तिनं डोळे भरून पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

लोकांनी चपला उगारल्या तशी ती गरजली, "हात लावू नका! मार खाऊन सुटायचा न्हाई हा. पोलिसांना बोलावलंय, कोर्टात उभा करीन."

मग ती गर्दीकडे वळली. "आकडा म्हणजे भविष्य न्हाई. ती फक्त आत्ताची हालत. घटकेत बदलते, म्हणून आम्ही परत परत मोजतो. माझ्या भावाला घरी नेलं आणि तिथं मोजणारं कुणीच नव्हतं. तुमच्या माणसाला मोजणाऱ्यांपासून तोडू नका."